स्टेजखालून नटाला वर आणायचं आहे: लिफ्ट, प्रतिभार की आणखी काही?

नेपथ्यवेडा

नमस्कार मंडळी. नाटकाच्या दुसऱ्या अंकात एक पात्र जमिनीतून उगवतं. आधी मुकुट, मग चेहरा, मग खांदे, आणि आठ-दहा सेकंदांत अख्खी बाई समोर उभी. अंधार करून तिला आणून उभं करायचं नाही, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत वर यायला हवी.

मापं अशी. स्टेजखालच्या फरशीपासून स्टेजच्या पृष्ठभागापर्यंत २.२ मीटर. ट्रॅपचं, म्हणजे स्टेजमधल्या ज्या दारातून ती वर येणार त्याचं, भोक १ मीटर बाय १ मीटर. झाकण आणि त्याची चौकट मिळून १०० मिमी जाडी. नटीची उंची १.६५ मीटर, मुकुट १२ सेंटिमीटर, वजन ६५ किलो, वेशभूषा ८ किलो.

डोक्यात तीन पर्याय आहेत: माल चढवायचं हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने चालणारं) कात्री टेबल, जे कात्रीसारख्या दुमडणाऱ्या हातांवर उठतं; हातविंच (दांडा फिरवून दोरी गुंडाळायचं यंत्र) लावलेला पाटा, म्हणजे नटी उभी राहते तो फलाट; किंवा प्रतिभार (दोरीच्या दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन) लावून माणसांनी ओढायचा पाटा. कुठला घ्यावा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठे काय बिघडतं, हे जाणकारांनी सांगावं.

कप्पी

चांगला प्रश्न. पर्याय निवडण्याआधी उंचीचा हिशेब करा, तिथेच अर्धा निकाल लागतो.

कात्री टेबल पूर्ण मिटलं तरी त्याची स्वतःची उंची ३०० ते ४०० मिमी असते. ३५० धरा. २.२ मधून ०.३५ गेले, झाकणाचे ०.१ गेले, उरले १.७५ मीटर. तुमची नटी मुकुटासह १.७७. म्हणजे झाकण बंद असताना ती टेबलावर उभीच राहू शकत नाही.

बाजूच्या रुळांवर चालणारा पाटा जमिनीपासून १२० मिमीपर्यंत खाली बसवता येतो. मग १.९८ मीटर मिळतात. डोक्यावर वीतभर जागा राहते.

विंगेतला

वीतभर पुरेल का? आयएसओ १३८५४ या आंतरराष्ट्रीय मानकात माणूस चिरडू नये म्हणून किमान मोकळ्या जागा दिल्या आहेत. बोट २५ मिमी, पायाची बोटं ५०, हाताचा पंजा १००, पाऊल १२०, डोकं ३००, धड ५००. डोक्याला ३०० हवेत आणि इथे २१० आहेत.

कप्पी

@विंगेतला, बरोबर. म्हणूनच नियम असा ठेवायचा की झाकण पूर्ण उघडून अडकल्याशिवाय पाटा हलताच कामा नये. आणि हे माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडायचं नाही. झाकणाच्या दोन्ही कडांना लिमिट स्विच (भाग जागेवर पोचला की दाबला जाणारा स्विच), दोन्ही दाबले गेले तरच वर जाण्याचा विद्युतमार्ग पूर्ण होतो. तसंच उलट बाजूने: पाटा तळाशी टेकल्याचा स्विच लागल्याशिवाय झाकण बंद होणार नाही. स्विच घेताना ज्याचे संपर्क यांत्रिक रेट्याने उघडतात असा घ्यावा, नुसत्या स्प्रिंगच्या भरवशावरचा नको. स्प्रिंगवाल्याचे संपर्क वितळून चिकटले तर स्विच दाबलेला नसतानाही 'सगळं ठीक' सांगत राहतो.

रंगदेवता_भक्त

वाचतोय. हायड्रॉलिक कात्री टेबल वापरू नये असं सगळे म्हणतात, पण नक्की का? दोन दोन टन उचलतं की ते. ७३ किलोची बाई म्हणजे त्याला काहीच नाही.

लोखंडे

@रंगदेवता_भक्त, टेबलाची ताकद कमी पडते म्हणून कुणी नको म्हणत नाही. कारणं वेगळी आहेत आणि ती एकेक करून समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं, कात्रीची भूमिती. खालचं टोक आडवं ढकलून कात्री उभी करायची असेल तर लागणारा जोर हा भार गुणिले कोनाचा कोटँजंट असतो. पाटा, माणूस, कपडे मिळून १५० किलो धरा, म्हणजे साधारण १.४७ किलोन्यूटन. हात जमिनीशी १० अंशात असताना जोर लागतो ८.३ किलोन्यूटन, ३० अंशात २.५, ६० अंशात जेमतेम ०.८५. तळाशी यंत्र अक्षरशः कण्हत असतं आणि वरती मोकळं. याचीच दुसरी बाजू म्हणजे वेग. ढकलणारा दट्ट्या एकसारखा चालला तरी पाटा तळाशी भरभर उठतो आणि वर जाताना मंदावतो. नटी बेसावध असताना गुडघ्यात हिसका बसतो, आणि दिग्दर्शकाला जे संथ उगवणं हवं असतं ते नेमकं मुकुट दिसायच्या क्षणी बिघडतं.

दुसरं, कात्रीचे हात. मालासाठीच्या टेबलाला कडेने जाळी किंवा पडदा असतोच असं नाही. खाली उतरताना हात मिटतात तेव्हा प्रत्येक सांध्यात पायाचं बोट, वेशभूषेचा घोळ, खाली वाकलेल्या माणसाचा हात चिरडू शकतो.

तिसरं, तेल. सील थोडं जरी गळत असेल तर टेबल वर थांबून हळूहळू खाली सरकतं. वीस मिनिटांच्या प्रवेशात दहा-पंधरा मिमी. तेवढी पायरी अंधारात धावत येणाऱ्या नर्तकाला तोंडावर पाडायला पुरते. आणि होज, म्हणजे तेलाची नळी, फुटला तर? सिलिंडरच्या तोंडालाच घट्ट बसवलेला, होज फुटताच बंद होणारा व्हॉल्व्ह नसेल तर पाटा सरळ खाली येतो. तो व्हॉल्व्ह होजच्या दुसऱ्या टोकाला, पंपाजवळ लावला तर काही उपयोग नाही, कारण फुटणारी वस्तू मधेच आहे.

चौथं, आणि इथेच विषय संपतो: अशा टेबलांवर बनवणाऱ्यानेच लिहिलेलं असतं की माणसं नेण्यासाठी नाही. ब्रेक, झडपा, सुरक्षिततेचा गुणक हे सगळं पेट्या उचलायच्या हिशेबाने ठरवलेलं असतं.

माणसांसाठी बनवलेली कात्री किंवा स्क्रू लिफ्ट (आट्यांच्या दांड्यावर चढणारी) असते, ती वेगळी गोष्ट. ती मिळत असेल तर जरूर घ्या.

फोर्कलिफ्ट_नको

लोखंडेंना +१. आणि फोर्कलिफ्ट, स्टॅकर, पॅलेट ट्रक यांच्या काट्यांवर फळी टाकून नटाला उचलायची कल्पना कुणाला सुचणार असेल तर आत्ताच विसरा. मास्ट (उभा खांब) एका बाजूला, भार दुसऱ्या बाजूला, साखळी तुटली तर दुसरं काहीच धरायला नाही.

दोरखंड

मला प्रतिभाराबद्दल लिहायचं आहे, कारण हौशी संस्थांचा ओढा तिकडे असतो आणि त्यात एक सापळा आहे जो कागदावर दिसत नाही.

पाटा ४५ किलो, नटी आणि कपडे ७३, एकूण ११८. प्रतिभार ११० ठेवला की फक्त ८ किलोचा फरक राहतो, एक माणूस एका हाताने ओढतो, सगळे खूश. आता नटी वर पोचली आणि पाट्यावरून स्टेजवर पाऊल टाकलं. पाट्याच्या बाजूला उरले ४५, समोर ११०. ६५ किलोचा असमतोल, तोही वरच्या दिशेने. अडसर नसेल तर पाटा गुरुत्वाकर्षणाच्या ०.४२ पट त्वरणाने सुटतो, अर्ध्या सेकंदात अर्धा मीटर. तिचं दुसरं पाऊल अजून पाट्यावर असतं!

म्हणून क्रम ठरलेला: पाटा वर, अडसर आत, अडसर आत गेल्याचा दिवा, मगच पाऊल. अडसर म्हणजे चार कोपऱ्यांत स्टेजच्या चौकटीत शिरणाऱ्या खिळ्या. दोरी धरून ठेवणारा माणूस हा अडसर नव्हे.

दुसरा सापळा बदली नटाचा. बदली नटी ५२ किलोची असली तर तिकडची बेरीज १०५ होते आणि प्रतिभार ११०. आता पाटा आपणहून वर जातो. ती नीट उभी राहायच्या आत. त्यामुळे प्रत्येक प्रयोगाला, त्या दिवशीच्या वेशभूषेसह वजन करून, प्रतिभाराच्या पट्ट्या त्याप्रमाणे. अंदाज चालत नाही, ओलं झालेलं कापड आणि नवा मुकुट दोन-तीन किलो सहज वाढवतात.

माझं मत: प्रतिभार पूर्ण नको, अर्ध्या नटाइतकाच ठेवा. इमारतींच्या लिफ्टमध्ये हेच करतात, पिंजऱ्याचं वजन अधिक क्षमतेच्या साधारण ४० ते ५० टक्के. इथे ४५ अधिक ३६, म्हणजे ८१ किलो. नटी चढली की ३७ किलोचा भार ओढायचा, उतरली की ३६ किलो उलट. दोन्हीकडे सारखाच, आणि दोन्ही वेळा छोट्या मोटरला झेपणारा.

हातविंच_समर्थक

मी थोडा असहमत. एवढ्या गुंतागुंतीपेक्षा ब्रेकवाली हातविंच लावा. दांडा सोडला की ब्रेक आपोआप लागतो. वीज गेली तरी काही अडत नाही, बिघडायला काही नाही, चालवणाऱ्याला भार हातात जाणवतो. झाकणात काही अडकलं तर मोटरला कळत नाही, हाताला कळतं. हा मोठा फायदा आहे.

दोरखंड

@हातविंच_समर्थक, हाताला अडथळा जाणवतो हा मुद्दा पटला, मोटरला त्यासाठी भारमापक लावावा लागतो. पण त्या ब्रेकची कार्यपद्धती बघा. बहुतेक हातविंचचा ब्रेक भारानेच आवळला जातो. दोरीला खेचणारा भार असेल तरच चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. भार फार कमी असेल तर ब्रेक पक्का बसत नाही, आणि भार उलट दिशेने फिरला तर तो ब्रेक उरतच नाही. प्रतिभार आणि असा विंच एकत्र लावला की नेमकं हेच होतं: नटी उतरताच भाराची दिशा पालटते.

म्हणजे हातविंच लावायचाच तर प्रतिभाराशिवाय लावा. आणि मग ११८ किलो एका दोरीवर, एका ब्रेकवर लटकणार. माणसासाठी दोन स्वतंत्र ब्रेक हवेत, प्रत्येक एकटा पूर्ण भार पेलणारा. वर्मगियर (आट्यांच्या दांड्याने फिरणारं दातेरी चाक) 'स्वतःच अडतो' म्हणून त्याला ब्रेक मोजू नये. तेलपाणी झालेला, घासून गुळगुळीत झालेला वर्म कंपनाने मागे फिरू शकतो.

हातविंच_समर्थक

भाराची दिशा पालटण्याचा मुद्दा मान्य. हे लक्षात आलं नव्हतं. विंचवर माणूस वाहण्याची परवानगी छापलेली असावी हेही खरं, होडी ओढायच्या विंचवर ती नसते.

मोळा_आणि_खिळा

दोरीचा हिशेब कुणी दिला नाही म्हणून देतो. माणूस उचलताना सुरक्षिततेचा गुणक १० धरतात, म्हणजे तुटण्याच्या भाराचा दहावा भागच वापरायचा. ६ मिमीची लवचिक वायररोप तुटायला साधारण २० किलोन्यूटन लागतात, म्हणून कामाचा भार २ किलोन्यूटन, सुमारे २०० किलो. एकच दोरी पुरते असं वाटेल, पण दोन लावा, आणि एक तुटली तर दुसरी एकटीच तो भार आणि झटका पेलेल अशी.

कप्पीचा व्यास दोरीच्या १८ ते २० पट. ६ मिमीला १२० मिमीची कप्पी. बाजारात सहज मिळणारी ५० मिमीची छोटी कप्पी लावली की दोरीच्या आतल्या तारा तुटत जातात आणि बाहेरून काही दिसत नाही. दोरीवरून जुनं सुती फडकं फिरवा, कुठे धागा अडकला तर तिथे तार तुटलेली आहे. हात फिरवू नका, तार तळव्यात शिरते.

टोकाला थिंबल (फासाच्या आतली धातूची खोबण) आणि यंत्राने दाबलेली फेरूल (धातूची नळी). यू-क्लिपा माणसाच्या दोरीला नकोत, त्या सैल होतात आणि उलट्या लावल्या तर भार घेणाऱ्या बाजूचीच दोरी चेपतात.

वेषभूषाकार_ताई

सगळे लोखंडाबद्दल बोलताहेत, कापडाबद्दल बोलू का?

पाटा आणि चौकट यांच्यातली फट ही कातर आहे. पायघोळ वस्त्र, शेला, केसांचं शेपूट, मण्यांची माळ, यातलं काहीही पाट्याच्या कडेबाहेर लोंबलं तर ते फटीत खेचलं जातं आणि वर जाणारा पाटा नटीला खाली ओढतो. गळ्यात गुंतलेलं असेल तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून ट्रॅपवर येणाऱ्या वेशाला गळ्याभोवती न सुटणारं काही नको. माळा, गळपट्टे, शेले मॅग्नेटच्या किंवा हलक्या वेल्क्रोच्या जोडावर. पाच-सहा किलोच्या ओढीला सुटलं पाहिजे, हाताने ओढून बघा.

घोळ गोळा करून नटीने पुढून दोन्ही हातांत धरायचा, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. हातांना काम मिळालं की ते कडेला जात नाहीत, हा दुसरा फायदा. तालमीत नुसत्या ट्रॅकपँटवर केलेला सराव धरू नका. पूर्ण वेशात, त्याच चपलांत, त्याच विगमध्ये.

कप्पी

ताईंचा मुद्दा धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. धोका वजनात कमी आणि कडांमध्ये जास्त असतो.

नटीचं पाऊल पाट्याच्या कडेबाहेर २० मिमी जरी आलं, तरी पाटा वर जाताना ते स्टेजच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्याखाली सापडतं. त्यावर तीन उपाय, तिन्ही एकदम करावेत. भोकाच्या चारही बाजूंना खालपर्यंत सपाट प्लायचा शाफ्ट करा, आत एकही बोल्ट, पट्टी, कड बाहेर आलेली नको, म्हणजे पाय बाहेर आला तरी भिंतीवर घासत वर जाईल, कापला जाणार नाही. पाट्यावर कडेपासून १५० मिमी आत पांढऱ्या रंगाची चौकट आखा, पाय त्याच्या आत. आणि चौकटीच्या खालच्या कडेला दाबपट्टी, तिला काहीही टेकलं की मोटर थांबते.

पाट्याचा पृष्ठभाग स्टेजसारखाच खडबडीत हवा. गुळगुळीत लॅमिनेटवर ओल्या तळव्याने उभं राहायला लावू नका.

प्रश्नचिन्ह

पाटा तिरका होऊन अडकतो असं ऐकलंय. ते का होतं?

लोखंडे

जुन्या लाकडी कपाटाचा ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की अडकतो, तसंच. रुळावर पाट्याला धरणारे वरचे आणि खालचे रोलर जवळजवळ असतील तर जरा भार कडेला गेला की पाटा वाकडा होऊन रुतून बसतो. मग मोटर ताण वाढवते, मग अचानक सुटतो आणि उडी घेतो. ती उडीच नटाला पाडते.

वरखालच्या रोलरमधलं अंतर पाट्याच्या रुंदीइतकं तरी असावं. तुमच्या पाट्याला एकाच बाजूला रूळ असेल आणि रोलर ०.९ मीटर अंतरावर, तर ०.५ मीटर बाहेर उभी असलेली ७३ किलोची व्यक्ती प्रत्येक रोलरवर साधारण ४०० न्यूटनचा आडवा दाब देते. हे काहीच नाही. तेच अंतर ०.२ मीटर केलं तर १८०० न्यूटन, आणि मग स्वस्तातलं बेअरिंग चार प्रयोगांत चपटं होतं.

जुनी_नाटकं

अवांतर, पण विषयाला धरून.

माणसाला यंत्राने प्रेक्षकांसमोर आणायची हौस फार जुनी. ग्रीक रंगभूमीवर इसवी सनपूर्व पाचव्या शतकात 'मेखाने' नावाची यारी देवांना हवेतून आणायची. रोमच्या कोलोसियमच्या पोटात रहाटांनी फिरणाऱ्या लिफ्ट होत्या, जनावरं थेट वाळूतून बाहेर निघायची.

लंडनमध्ये १८५२ साली प्रिन्सेस थिएटरात चार्ल्स कीनच्या 'द कॉर्सिकन ब्रदर्स'मध्ये भूत उभ्याउभ्या वर येता येता स्टेजवरून आडवंही सरकायचं. खाली तिरक्या रुळावर गाडा, आणि वर पट्ट्यापट्ट्यांचं लवचिक आच्छादन, जे गाड्याबरोबर सरकत भोक झाकत जायचं. तेव्हापासून त्या रचनेला कॉर्सिकन ट्रॅप म्हणतात. त्याच काळातला 'स्टार ट्रॅप' (चांदणीच्या आकाराचा) त्याहून घातक: त्रिकोणी पाकळ्यांचं दार, खालून प्रतिभाराने नटाला वर फेकायचं, पाकळ्या उघडून तो उसळायचा. पाकळी उशिरा उघडली तर डोकं थेट लाकडावर.

आणि जपानी काबुकीत स्टेजच्या लिफ्टला 'सेरी' म्हणतात. प्रेक्षागृहातून जाणाऱ्या वाटेवर एक छोटी लिफ्ट असते, 'सुप्पोन', तिच्यातून बहुधा भुतं, मांत्रिक, मानवेतर पात्रंच येतात. सर्वसाधारण माणसाचं पात्र तिथून आलं तर प्रेक्षक गोंधळेल. स्टेजखालच्या अंधाऱ्या जागेला म्हणतात 'नाराकु'. शब्द संस्कृत 'नरक' वरूनच गेलेला! कोतोहिरा इथलं १८३५ सालचं कानामारु-झा हे तिथलं सर्वांत जुनं उभं असलेलं काबुकी नाट्यगृह, आणि तिथल्या लिफ्ट माणसांनीच खालून चालवायच्या.

रंगदेवता_भक्त

नाराकु म्हणजे नरक! हे वाचून दिवस सार्थकी लागला.

धूरवाला

नरकाचा विषय निघालाच आहे तर खालच्या हवेबद्दल. असं उगवणं आलं की दिग्दर्शकाला धुकंही हवं असतं, आणि बरेचदा सुका बर्फ वापरतात. ते धुकं म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड. ते ट्रॅपच्या भोकातून खाली ओघळतं आणि तिथे साठतं, जिथे चालक, राखणदार आणि नटी उभी आहे.

एक किलो सुका बर्फ खोलीच्या तापमानाला साधारण ५४० लिटर वायू देतो. खालची जागा ४ बाय ३ मीटर आणि २.२ उंच, म्हणजे २६ घनमीटर. दोन किलो बर्फाचा सगळा वायू तिथे उतरला तर ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). दिवसभराच्या कामाची सर्वमान्य मर्यादा ५,००० पीपीएम. डोकं दुखतं, धाप लागते, निर्णय चुकतात, आणि चुकणारा माणूस लिफ्टचं बटण धरून उभा असतो.

खाली वायूमापक ठेवा, जमिनीपासून अर्ध्या मीटरवर, छताजवळ नव्हे. बाहेर टाकणारा पंखाही तळाशीच. शक्य असेल तर ट्रॅपजवळ सुका बर्फ वापरूच नका.

नेपथ्यवेडा

दिग्दर्शकाची धुक्याची मागणी होती, हे वाचून ती रद्द करायला सांगतो. आता चालवायचं कसं ते कुणी सांगेल का? कोण काय बोलतं, कोण कुठे उभं राहतं?

तिसरी_घंटा

चार माणसं लागतात आणि एकाचं काम दुसऱ्याने करायचं नाही. वर भोकावर नजर ठेवणारा राखणदार, खाली नटीजवळचा राखणदार, चालक, आणि क्यू (इशारा) देणारा रंगमंच व्यवस्थापक. वरच्याचं एकच काम, भोक. तो प्रॉपर्टी उचलायला गेला की क्यू रद्द.

क्रम असा. नटी पाट्यावर उभी राहते, खालचा राखणदार पाय चौकटीच्या आत आहेत, घोळ हातात आहे, मुकुट नीट आहे हे टॉर्च मारून बघतो आणि नटीला विचारतो, 'तयार?' ती बोलून उत्तर देते. मान डोलावलेली धरत नाहीत, अंधारात मान डोलावली की नाही कळत नाही. मग तो चालकाला 'खाली मोकळं'. वरचा राखणदार 'वर मोकळं'. व्यवस्थापक 'स्टँडबाय', चालकाची पोच, मग झाकण उघडतं. 'झाकण उघडं' हे वरचा राखणदार डोळ्यांनी बघून सांगतो, दिव्यावरून नाही. मग 'गो'.

चालकाचं बटण दाबून धरायचं. सोडलं की थांबतं. नटी त्याला दिसली पाहिजे. थेट दिसत नसेल तर अंधारात बघणारा कॅमेरा, पण डिजिटल कॅमेऱ्याचं चित्र अर्धा सेकंद उशिरा येत नाही ना, हे पडद्यासमोर टाळी वाजवून तपासून घ्या. लाल मशरूम बटणं तीन: चालकाजवळ, खालच्या राखणदाराजवळ, वरच्याजवळ. कुणीही, कधीही, विचारून न घेता दाबायचं. दाबल्याबद्दल कुणाला कधी बोलायचं नाही.

वर पोचल्यावर अडसर आत, हिरवा दिवा नटीला दिसेल अशा जागी, तिच्या डोळ्यांसमोर स्टेजच्या कडेला, प्रेक्षकांकडे पाठ करून. तो लागल्याशिवाय ती हलत नाही. संवाद सुरू करायला हरकत नाही, पाऊल मात्र नाही.

विंगेतला

यात भर: ती खालच्या निळ्या दिव्यातून हजारो वॉटच्या झोतात येते. पहिले काही सेकंद तिला कड दिसत नाही. पहिली पावलं कुठल्या दिशेला आणि किती हे तालमीत पक्कं करून घ्या. समोरचा थेट झोत ती उभी राहून स्थिरावल्यावर वाढवायला प्रकाशयोजनाकाराला सांगा, दोन सेकंदांनी काही बिघडत नाही.

मोळा_आणि_खिळा

अडसराबद्दल एक. लिफ्ट १५० किलो उचलणारी असली तरी वर गेल्यावर पाटा हा स्टेजचाच भाग असतो, त्यावर चार जण नाचू शकतात. स्टेजला चौरस मीटरला ५ किलोन्यूटन बऱ्याच ठिकाणी धरतात, म्हणजे तुमच्या एका चौरस मीटरवर ५०० किलो. तो भार खिळ्यांनी चौकटीत द्यायचा, मोटरवर आणि दोरीवर नाही.

नियमवाचक

ज्यांना कागद हवे आहेत त्यांच्यासाठी. युरोपात स्टेजच्या यंत्रांसाठी ईएन १७२०६ हे २०२० सालचं मानक आहे. ब्रिटनमध्ये १९९८ च्या उचल-उपकरणांच्या नियमांनुसार माणसं उचलणाऱ्या साधनाची सखोल तपासणी दर ६ महिन्यांनी. अमेरिकेत हवेत उडवण्याच्या यंत्रणेसाठी एएनएसआय ई१.४३ आहे. तुम्ही कुठेही असा, ही वाचली की आपल्या रचनेत कुठला प्रश्न विचारायचा राहिला ते कळतं.

प्रश्नचिन्ह

अर्ध्यात वीज गेली तर?

तिसरी_घंटा

तेव्हा विचार करायला वेळ नसतो, म्हणून आधी ठरवायचं. ब्रेक वीज गेल्यावर लागणारा असावा, वीज असल्यावर लागणारा नाही. म्हणजे पाटा आहे तिथे थांबतो. मग हातदांड्याने खाली. दांडा कुठे टांगलेला आहे, कोण फिरवणार, किती वेळ लागतो, हे रंगीत तालमीत नटीला वर अर्ध्यात थांबवून मोजा. तीन मिनिटांत ती जमिनीवर हवी. तोपर्यंत पडदा, आणि वरचा राखणदार तिच्याशी बोलत राहतो. कमरेइतकी भोकात असलेल्या माणसाला हाताने वर ओढायचा मोह होतो. ओढायचं नाही, यंत्र मधेच हललं तर दोघंही सापडतात.

साधा_उपाय

सगळं वाचलं, माहिती अप्रतिम. पण मला मूळ प्रश्नाकडे जायचं आहे. प्रेक्षकाला काय दिसायला हवं? मुकुट, चेहरा, खांदे, क्रमाने. त्यासाठी नटी हललीच पाहिजे असं नाही, तिच्यासमोरचा आडोसा हलला तरी चालतं.

स्टेजवर ०.६ मीटरचा पक्का चौथरा, त्यावर ती आधीपासून उभी. पुढे खडकाच्या रंगाची हलकी भिंत, ती खाली ट्रॅपच्या फटीत सरकते. भिंतीचं वजन १२-१५ किलो, ती अडकली तर भिंतच अडकते, माणूस नाही. बाजूचे खडक भिंतीबरोबर थोडे खाली गेले की डोळ्याला भिंत खाली जाताना जाणवत नाही, आकृती वर येताना जाणवते.

दोरखंड

@साधा_उपाय, युक्ती चांगली, पण बाल्कनीतून भिंतीमागची नटी आधीच दिसेल. आधी सर्वांत वरच्या, सर्वांत पुढच्या खुर्चीत बसून दृष्टिरेषा बघा.

साधा_उपाय

मान्य. बाल्कनी असेल तर भिंतीला वरून छत लागेल, गुहेच्या तोंडासारखं.

नेपथ्यवेडा

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या नाट्यगृहाला बाल्कनी आहे आणि दिग्दर्शकाला ती रिकाम्या जमिनीतूनच हवी आहे, त्यामुळे गुहा जमणार नाही. ठरलेलं असं: माल-टेबल बाद, हातविंच बाद. माणसांसाठी प्रमाणित स्क्रू लिफ्ट, बाजूच्या रुळांवर, दोन ब्रेक. पाटा १२० मिमीवर बसणार. २.०८ मीटर प्रवास, १० सेकंदांत, म्हणजे सेकंदाला साधारण २१ सेंटिमीटर. सुका बर्फ नाही.

एक शंका. भार-चाचणी किती किलोची करावी?

लोखंडे

ज्या भारासाठी ती ठरवली आहे त्याच्या १.२५ पट, वाळूच्या पिशव्यांनी, माणसाने नाही. १५० असेल तर १८८ किलो. पिशव्या आधी मधोमध, मग सगळ्या एका कोपऱ्यात, आणि दोन्ही वेळा पूर्ण प्रवास किमान दहा वेळा. मधेच लाल बटण दाबून बघा: सेकंदाला ०.२ मीटरच्या वेगाने खाली जाणारा पाटा ०.१ सेकंदात थांबला तर २० टक्के जास्त झटका बसतो, तेवढा नटीच्या गुडघ्यांना झेपतो. त्याहून झटकन थांबत असेल तर ब्रेकचा वेळ वाढवून घ्या.

वेषभूषाकार_ताई

आणि वाळूच्या पिशव्यांवर एकदा तिचा पूर्ण वेश चढवून पाटा वरखाली करून बघा, माळेसकट. काय अडकतं ते पिशवीवर कळलेलं बरं.

तिसरी_घंटा

मध्यंतरात भोकाचं झाकण लावून अडसर घातला, की त्याची किल्ली खालच्या राखणदाराच्या खिशात. नेपथ्य बदलणाऱ्या मुलांना ट्रॅप कुठे आहे ते पहिल्याच दिवशी दाखवा, दिवे लावून, आणि प्रत्येकाला एकदा त्याच्या कडेला उभं करून.

नेपथ्यवेडा

दोन्ही सूचना यादीत घेतल्या. पिशव्यांची चाचणी झाली की कुठे काय अडकलं ते इथेच लिहितो.